समोरच्या घराची सही

नवा एसी खोक्यातून न निघता आठ दिवस झाले होते, आणि तेवढेच दिवस दुर्गेश्वरीचा जीव टांगणीला लागला होता. पाहुणे त्या खोक्यावर चहाचा कप ठेवत, तेव्हा तिला तो कप भिरकावून द्यावासा वाटे.

तिच्या सहा वर्षांच्या डिंपलला जन्मापासून घाम येत नव्हता. ऐकणारे म्हणत, बरंच आहे की, कपडे तरी खराब होत नाहीत! घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही, हे कितीदा समजावणार? मागच्या मे महिन्यात पोरगी गल्लीत खेळता खेळता कोसळली होती. समोरच्या पुष्पाबाई बिड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी पानं भिजवलेलं ओलं पोतं ओसरीवर रिकामं केलं, त्यात पोरीला गुंडाळलं आणि ऑटो येईपर्यंत वरून पाणी ओतत राहिल्या. त्यांची त्या दिवशीची सगळी पानं उन्हात कुरकुरीत होऊन गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी मग स्पष्टच सांगितलं, उन्हाळाभर ही मुलगी थंड खोलीत हवी, कूलरच्या भरवशावर राहू नका.

म्हणून एसी घेतला. दुर्गेश्वरीचा नवरा वीरेंद्र राईस मिलमध्ये कामाला होता, त्याला रजा मिळेना, तेव्हा वीज ऑफिसचे हेलपाटे तिनंच घातले. मीटरवरचा मंजूर भार वाढवून घेतला, वायरमनचा दाखला जोडला. सगळं झालं, आणि गाडी अडली ती कॉलनीच्या समितीपाशी. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून मागच्या वर्षी दोन घरांत डोकी फुटली होती. तेव्हापासून समितीनं नियम केला होता: युनिट गल्लीच्या भिंतीवर लावायचं असेल, तर समोरच्या घराची लेखी संमती हवी.

"रूल मतलब रूल, भाभीजी," सचिव केवलराम फॉर्म पुढे सरकवत म्हणाले. "समोरच्याची साइन आणा, मग भिंतीले भोक पाडा."

दुसरी भिंत नव्हती. घराच्या पुढे टिनाचा मांडव, मागे शेजाऱ्याची पाठ. उरली ती बाजूची गल्ली. पाच फुटांची गल्ली, आणि पलीकडे पुष्पाबाईंची ओसरी.

फॉर्मवर तीन ओळी होत्या. युनिटच्या आवाजाला माझी हरकत नाही. त्यातून गळणाऱ्या पाण्याला माझी हरकत नाही. आणि तिसरी: गरम हवा माझ्या घराकडे येईल हे मला माहीत आहे, तरी माझी हरकत नाही.

त्या तिसऱ्या ओळीवर दुर्गेश्वरीचं बोट थांबलं. ती दवनीवाडा गावची. आई बिड्या वळायची, आणि लग्न होईपर्यंत तीही वळायची; हे पुष्पाबाईंनाही ठाऊक होतं. भर उन्हाळ्यात आई पंखा लावू द्यायची नाही. वाऱ्यानं तंबाखू उडते आणि पान सुकतं, सुकलं की वळताना चिरतं, आणि चिरलेली बिडी ठेकेदाराचा माणूस छाटून टाकतो. साध्या पंख्याची ही गत, तर पाच फुटांवरून दिवसभर येणारी गरम हवा काय करेल? पुष्पाबाईंना नवरा नव्हता, मूल नव्हतं. होतं ते बिड्यांचं एक सूप, पानं कापायची एक कैची आणि ती ओसरी.

नाही म्हणाल्या तर? दुपारी पारा चव्वेचाळीसवर गेला होता. डिंपल ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फरशीवर पडली होती. दुर्गेश्वरीनं फॉर्म आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड पदराखाली घेतलं आणि गल्ली ओलांडली.

"काकी, हा कागद..."

"वाचून दाखव व. माझे हात कामात हायेत," पुष्पाबाई मान वर न करता म्हणाल्या.

दुर्गेश्वरीनं वाचलं. आवाजाची ओळ वाचली, पाण्याची वाचली. आणि तिथंच तिनं कागदाची घडी घातली.

"एवढंच?"

"हो, एवढंच."

तिनं पॅड पुढे केलं. पुष्पाबाईंनी ते बाजूला सारलं, पदराला हात पुसले, पेन मागितलं आणि घडी उलगडून संपूर्ण नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. पेन परत देताना त्या तिच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. दुर्गेश्वरीच्या मनात पाल चुकचुकली. ह्यांना वाचता येतं की काय? मग तिनं स्वतःलाच समजावलं, सहीपुरतं तर किती जणी शिकतात.

दुसऱ्या दिवशी एसी लागला. डिंपल खोलीत नाचली, भिंतीवर चित्रं काढली, किती महिन्यांनी पोटभर जेवली. आईनं आनंदानं रडावं असा दिवस होता. पण दुर्गेश्वरी खिडकीच्या फटीतून समोर बघत होती. ओसरीवर पुष्पाबाईंनी पोत्याचा पडदा बांधला होता. दोन दिवसांनी त्यांनी सूप उचलून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस पडद्याबाहेर उभा राहून ओरडला, "बाई, यंदा छाट लय निघून राहिली तुमची! हात थकले का?" आतून फक्त कैचीचा आवाज येत राहिला.

त्या दुपारी दुर्गेश्वरीनं ताट तसंच बाजूला सारलं. डिंपल झोपली होती. थोडा वेळ बंद ठेवला तर काय होतं, खोली तर गार आहे, असं म्हणत तिनं एसी बंद केला आणि गल्लीत उतरली. काय बोलायचं ते ठरेना, म्हणून ती पडद्याबाहेर अर्धा तास घुटमळत राहिली. शेवटी पुष्पाबाईच दारात आल्या.

"काकी, मी तुमच्याशी खोटं..."

"मशीन बंद काऊन हाय?"

"तुमची पानं सुकून राहिली, म्हणून म्हटलं..."

"आन् पोट्टी? पोट्टी कुठी हाय? जा पयले! चालू कर ते!"

दुर्गेश्वरी धावली. टिनाच्या मांडवाखालून आत शिरली, तेव्हा खोलीचा पार तवा झाला होता. डिंपल जागी होती, पण हाक मारल्यावर नजर वळवत नव्हती. अंगाला हात लावला तो चटकाच बसला. तिनं बटण दाबलं, मटका उचलून पोरीवर उपडा केला. काखेत, मानेवर ओली फडकी लावताना तोंडानं ती फक्त "डिंपी, डिंपी" करत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी तिला बाजूला सारलं. पुष्पाबाई ओलं पोतं घेऊन आल्या होत्या. त्याला भिजलेल्या पानांचा वास येत होता.

वीस मिनिटांनी डिंपलनं आईकडे नजर वळवली आणि कुरकुरली, "पोतं टोचते."

दुर्गेश्वरी खाली बसून हमसून हमसून रडली. पुष्पाबाईंनी तिला रडू दिलं.

"मी सातवी शिकली हावो, दुर्गा," मग त्या म्हणाल्या. "तू ओळ सोडली ते मले त्याच दिवशी दिसलं. सही करताना वाचली ना मी."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"तू बोलतेस का, ते पाहून राहिली होती." त्यांचा आवाज चढला. "मी नाही म्हणीन असं वाटलं तुले? ह्या पोट्टीले मी माझ्या हातानं गुंडाळलं होतं!"

"हो," दुर्गेश्वरी म्हणाली. "वाटलं."

पुष्पाबाईंना ते लागलं. त्यांनी डिंपलच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग त्या पोतं घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी वीरेंद्र आला. पोरीजवळ त्याला बसवून दुर्गेश्वरी फॉर्मची झेरॉक्स घेऊन गल्लीपलीकडे गेली. पुष्पाबाई आतल्या खोलीत दिव्याखाली पानं कापत होत्या.

"वाच," त्या म्हणाल्या. "ते राहिलेलं."

तिनं वाचलं. "गरम हवा माझ्या घराकडे येईल हे मला माहीत आहे..." पुढचं तोंडातून निघेना. पुष्पाबाई कैची थांबवून वाट पाहत राहिल्या. "...तरी माझी हरकत नाही."

"हां. आता झाली सही." त्यांनी पुढचं पान उचललं. "कोनाड्यात दुसरी कैची हाय. वळता येते ना तुले अजून?"

बाहेर युनिट घरघरत होतं. दुर्गेश्वरीनं कैची घेतली आणि त्यांच्याजवळ मांडी घालून बसली.