पोळ्याला न्हालेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. हल्ली धुळ्यात, देवपूरला एका कडुनिंबाखाली उभी असते आणि कोंबड्या खुशाल माझ्या गादीवर अंडी घालतात. पण एके काळी माझा थाट काही औरच होता. साहेबाच्या बंगल्यावरून मी बन्सीलालकडे आले तेव्हा लढाई चालू होती. धुळे ते शिंदखेडा मी माणसं नेली, कापसाची बोचकी नेली, एकदा तर नवरदेवसुद्धा नेला.

बन्सीलालचे वडील झुलालआबा त्याच वर्षी गावाहून राहायला आले. शेत आणि बैल थोरल्या मुलाकडे सोपवले होते, पण जीव गोठ्यातच अडकलेला. पोळा आला तसे आबा कासावीस झाले. शेवटी त्यांनी मलाच पांझरा नदीत न्यायला लावलं. अर्धी चाकं बुडवून घासूनपुसून आंघोळ घातली, दिव्यांना गोंडे बांधले, पुरणपोळीही दाखवली. मी हरखून गेले. पुढे दर पोळ्याला हा सोहळा होऊ लागला. पोटाखालचा ओला गाळ मात्र तसाच राहायचा.

तिसऱ्या पोळ्यानंतर नदीच्या उतारावर माझे ब्रेक गेले. बन्सीलालने मला कसंबसं बांधाला टेकवून थांबवलं. चाकाजवळची ब्रेकची रबरी नळी फुटली होती. नवी मिळाली, पण ती बसवायला जुनीला जोडलेल्या लोखंडी नळीचा नट सुटायला हवा होता, आणि तो गंजून घट्ट बसला होता. जोर लावला तर लोखंडी नळीच पिळवटून तुटणार. लढाईच्या दिवसांत तशी दुसरी कुठून आणायची? मी बसले असते तर घरची चूलही थंडावली असती.

बन्सीलालने पान्याला हिसका दिला आणि नटाचे कोपरे झिजले. आबांनी त्याचा हात धरला. त्याच्या बायकोने, कमलबाईने, कंदिलातलं घासलेट आणून दिलं. त्या दिवशी घरची जेवणं उजेडातच उरकली. आबा आडवे होऊन नटावर थेंब थेंब सोडत राहिले, हळूहळू ठोकत राहिले. बोटांना लागलेला चिखल त्यांनी हुंगून पाहिला.

"बन्सी, हाऊ गारा पांझराना शे ना?"

बन्सीलालला कळलं, आंघोळींच्या गाळानेच नट गंजला होता. खरं सांगितलं असतं तर म्हातारा मोडला असता.

"पाऊसना शे, आबा."

आबांनी बोटं धोतराला पुसली. सकाळी बन्सीलालने पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवला, मग उलटा. नट कुरकुरला आणि सुटला. नळी शाबूत होती. आबांनी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा माझ्यावरून हात फिरवला.

पुढच्या पोळ्याला गावचे बैल नदीवर गेले, तेव्हा आबांनी मला अंगणातच ठेवलं. जुन्या धोतराचं फडकं घेऊन ते माझ्या पोटाखाली शिरले आणि एकेक नट कोरडा पुसू लागले.

"इले पाणी नही पाहिजे रे," एवढंच म्हणाले. बन्सीलालने तोंड फिरवून डोळे टिपले.

मित्रांनो, आबा आता नाहीत. पांझरेतल्या त्या आंघोळींचा मला कधीच राग आला नाही. तुमच्या दारात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला गोंडे जरूर बांधा, पण कधी वाकून पोटाखालीही बघा. माझं बाकी अंग गंजून गेलंय. आबांनी पुसलेला तो झिजलेल्या कोपऱ्यांचा नट मात्र पाना लावला की आजही सहज फिरतो.