दुसरा ठिपका

"मावशी, अजून किती?" दाराबाहेरून लगबगने तिसऱ्यांदा विचारलं.

आतून उत्तर आलं नाही. मोजताना बोलायचं नाही, हा मोजणीबाईचा सव्वीस वर्षांचा नेम होता. काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती एकेक पेशी पाहत होती आणि हातातलं मोजणीचं बटण दाबत होती. एका स्लाइडवरच्या शंभर पेशी झाल्याशिवाय मान वर करायची नाही, मग बाहेर आग लागली तरी.

लगबग म्हणजे लॅबमधली पीएचडी करणारी मुलगी. चालताना सँडल एक पाऊल मागे राहील इतकी घाई. ते नाव मोजणीबाईनेच ठेवलेलं, पण मनातल्या मनात.

मोजायचे ते हिरवे ठिपके. प्रत्येक पेशीत सेंट्रिओल नावाच्या दोन इवल्या नळ्या असतात. रंग चढवला की त्या काळ्या आभाळातल्या चांदण्यांसारख्या चमकतात. पेशी दुभंगायची वेळ आली की प्रत्येक सेंट्रिओल आपल्या कुशीला एक नवं रचतं. एकच. त्याची व्यवस्था काही प्रथिनांच्या हाती. त्यांतल्या एका प्रथिनाला लॅबमध्ये सगळे मुकादम म्हणत. मुकादम आला नाही तर बांधकाम ठप्प, आणि एकाचे दहा मुकादम झाले तर जिथे तिथे नळ्याच नळ्या. म्हणून काम मार्गी लागलं की पेशीच त्याला मोडीत काढते. लगबगचं म्हणणं, या मुकादमाला जागेवर धरून ठेवणारं आणखी एक प्रथिन आहे. ते काढून घेतलं की मुकादम भरकटतो आणि नवं सेंट्रिओल होतच नाही.

आणि तसंच निघालं होतं. स्लाइडचा पहिला गठ्ठा साध्या पेशींचा, त्यात जिथे तिथे दोन ठिपके. दुसरा गठ्ठा ते प्रथिन काढून घेतलेल्या पेशींचा, त्यात निम्म्या पेशींत एकच. तीन वर्षांनी पहिल्यांदा लॅबचे सर लगबगला म्हणाले होते, जमलं तुला. सोमवारी लेख छापायला जाणार होता. आज गुरुवार, आणि ही शेवटची स्लाइड.

मोजणीबाईला या ठिपक्यांची माया होती. रविवारी वहिनीचा फोन यायचा. वहिनी हसतहसत म्हणायची, "वन्सं, दुसऱ्यांच्या घरात माणसं किती ते मोजायला पगार घेता, आणि तुमच्या घरात एकच." मोजणीबाईही हसायची. फोन ठेवल्यावर खोलीत जरा वेळ ते हसू तसंच राहायचं, कोणी न उचललेल्या कपासारखं.

सत्त्याण्णवाव्या पेशीला तिच्या उजव्या डोळ्याला पाणी आलं. ती एका नळीच्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर शिकलेली. आताच्या यंत्राला दोन नळ्या असूनही डावा डोळा मिटून पाहायची सवय गेली नव्हती. तिने पदराने डोळा टिपला आणि तोवर म्हणून डाव्याने पाहिलं.

पेशीत दोन ठिपके होते.

तिने डोळा बदलला. एक. पुन्हा बदलला. दोन. दुसरा ठिपका फिका होता, पहिल्याच्या जरासा खाली. उजव्या डोळ्याला मोठ्याच्या उजेडात तो धुरकटून जात होता. गेले दोन-तीन महिने रस्त्यावरच्या दिव्यांभोवती तिला कडं दिसायचं. दिवे जुने झाले, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तिने उरलेल्या तीन पेशी मोजल्या. पाहिलेल्या पेशींवर पुन्हा भरवसा ठेवता येत नव्हता, कारण सूक्ष्मदर्शकाच्या झोतात ते हिरवेपण विझत जातं. म्हणून तिने स्लाइडचा न पाहिलेला कोपरा सरकवला आणि उजवा डोळा मिटून आणखी शंभर पेशी मोजल्या. दोन ठिपक्यांच्या चौऱ्याण्णव निघाल्या.

दार उघडलं तेव्हा लगबग भिंतीला टेकून उभी होती. मोजणीबाईने तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि एकेका डोळ्याने पाहिलेलं सगळं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, फक्त मध्ये दोनदा थांबावं लागलं.

लगबग म्हणाली, "म्हणजे पूर्ण दुसरा गठ्ठा?"

"पहिल्याच्या वेळी डोळा बरा होता. दुसऱ्याचं काही खरं नाही."

"सोमवारी लेख जाणार आहे, मावशी."

"म्हणून तर आज सांगितलं."

"तुम्हाला आधी कसं नाही कळलं?" तिचा आवाज चिरकला. "तुमच्या आकड्यावर सर डोळे मिटून विश्वास ठेवतात."

मोजणीबाईने नोंदवही उघडली. गठ्ठ्यातल्या बत्तीस स्लाइड, बत्तीस पानं. प्रत्येक पानावरच्या आपल्या आकड्यांवर तिने पट्टी धरून एक रेघ मारली, खाली 'मोजणी चुकीची' असं लिहून सही केली. अक्षर सुरेख होतं, ते तिने बिघडू दिलं नाही.

अकराव्या पानाला लगबगने हात पुढे करून वही थांबवली. "गठ्ठे मिसळून द्यायचे असतात," ती खाली बघत म्हणाली. "पत्त्यांसारखे पिसून. कुठली स्लाइड कुठली ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. तुमचा डोळा बिघडला असता तरी मग चूक दोन्हीकडे सारखी पडली असती. मला घाई होती. मी नाही पिसले."

"मला वाटलं, तू पिसलेच असतील."

"मला वाटलं, तुम्ही कधी चुकत नाही."

दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही. मोजणीबाईने वही हळूच सोडवून घेतली आणि उरलेली एकवीस पानं पुरी केली.

सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. लेख थांबला. यापुढची मोजणी लगबगने स्वतः करावी, मावशींनी तिला शिकवावं आणि डोळ्याचं दाखवून घ्यावं, एवढंच ते म्हणाले. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. काढता येईल, पण इतके बारीक ठिपके पुन्हा तसेच दिसतील, असं काही त्यांनी कबूल केलं नाही.

सोमवारी लगबग सूक्ष्मदर्शकापुढे बसली आणि मोजणीबाई शेजारच्या स्टुलावर. लगबगचा हात सवयीने फोकसचं चाक गर्रकन फिरवू लागला. मोजणीबाईने त्यावर आपला हात ठेवला. "केसाएवढं पुढे. आता तेवढंच मागे. घाई केलीस तर ती दुसरी चांदणी लपते."

ते चार-पाच वेळा झालं. सहाव्या वेळी लगबगचा हात चाकावर थांबला.

"आली," ती म्हणाली.

मोजणीबाई समोरच्या काळोखाकडे पाहत होती. "कशी आहे?"

"लहान आहे. पहिलीच्या आडोशाला."

मोजणीबाईने मान हलवली. अंधारात ती कोणाला दिसली नाही.