टेबलाच्या पायाखालचा कागद

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. रद्दी म्हणाल तर राग येईल. दारूच्या आजाराचे प्रश्न माझ्यावर छापलेले आहेत. अकरा वर्षं डॉक्टरबाई मलाच वाचून माणसं पारखत. मला प्लास्टिकचं पाकीट होतं!

एकदा एका घड्याळजीला त्याच्या बायकोने ओढत आणलं. हात कापतात? नाही. कामावर खाडे? नाही. पोलिसांशी गाठ पडली? "छे हो, त्यांच्या चौकीतलं घड्याळ मीच दुरुस्त करतो." ठरवल्यापेक्षा जास्त होते? "कधीमधी."

बायको म्हणाली, "सहाच्या आधी हे थेंबही घेत नाहीत, खरंय. पण हल्ली यांनी दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. गिऱ्हाइकं भांडतात हो!"

घड्याळासाठी माझ्यावर रकाना नव्हता. बाई हसल्या. त्या 'कधीमधी'चा एकच 'हो' झाला, आणि एका 'हो'वर आजार ठरत नसे; मी त्याला सोडून दिलं आणि ऐटीत पाकिटात शिरलो.

पुढे नवा कागद आला. गुळगुळीत, शिष्ट. माझेच प्रश्न उचललेले! फक्त पोलिसांचा काढून तिथे नवा घातलेला: 'प्यायची इतकी ओढ लागते का, की दुसरं काही सुचत नाही?' ओढ म्हणे! माझं पाकीट त्याला मिळालं, आणि मला चौघडी करून लंगड्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

वर्षाने बायकोने घड्याळजीला पुन्हा आणलं. गिऱ्हाइकं निम्मी उरली होती. बाईंनी तो नवा प्रश्न वाचला. मला खालून त्याच्या चपला दिसत होत्या; त्या हलायच्या थांबल्या.

"चार वाजल्यापासून मला सहाच दिसतात, बाई. हातात काटा, डोक्यात बाटली. मग मीच घड्याळं पुढे करतो. सहा लवकर वाजावेत म्हणून."

"घरातलंही?" बायकोने विचारलं.

"ते सगळ्यात आधी."

त्याचे उपचार सुरू झाले. कौतुक नव्या कागदाचं झालं. तेव्हापासून बाई त्याला वाचू लागल्या की मी खाली जळतो. बाईंनी एकदा तरी मला उलगडावं, याशिवाय दुसरं काही सुचत नाही. तो प्रश्न मला विचारलात तर माझंही उत्तर 'हो'च.

खरं सांगतो मित्रांनो, माझ्या तळाशी दोन बोटं जागा कोरी होती. ती ओळ तिथे आरामात मावली असती. बायको घड्याळांचं सांगत होती, तेव्हाच कुणीतरी पेन उचलायला हवं होतं. तुम्ही कुणाला 'किती घेतोस' विचाराल, तेव्हा 'किती वाट पाहतोस' तेही विचारा.

आणि जमलं तर या टेबलाचा पाय दुरुस्त करून घ्या.