घर सोडताना माशी चावत नाही

स्वप्नालीने वांगं डाव्या हातात घट्ट धरलं आणि सुई त्यात खुपसली. सिरिंजमधलं पाणी थोडं आत गेलं, थोडं तिच्या मनगटावरून ओघळलं.

"घाबरत घातलीस," दारातून बनूबाई म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले? विचार करत बसायचं नाही. मांडीत घालायची आणि मोकळं व्हायचं."

"तुम्ही बोलत राहिलात की माझा हात थरथरतो, आई."

"मी बोलायची थांबेन तेव्हाच तर तुला सुई घालायचीय."

स्वप्नाली हसली नाही. तिने सिरिंज पुन्हा पाण्याने भरली आणि दुसरं वांगं घेतलं. टोचलेली वांगी टोपलीत पडली होती. आदल्या दिवशी अशाच वांग्यांचं भरीत झालं होतं, आणि कंपनीतून दमून आलेल्या तिच्या नवऱ्याने, कल्पेशने, पहिल्याच घासाला विचारलं होतं, "आज हे पाणचट का लागतंय?" सासू-सुनेने एकमेकींकडे बघितलं होतं.

"सुनेच्या हातात सुई दिली त्या डॉक्टरने," बनूबाई आता ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "माझं काही खरं नाही, सदू."

ओट्यावर चहा पीत बसलेला सदू मात्र मनापासून हसला. तो मुरबाडकडचा. बनूबाईच्या नवऱ्याने आणि त्याने मधमाश्या पाळायचं शिक्षण एकत्र घेतलं होतं. नवरा गेल्यावर पेट्या बनूबाईने सांभाळल्या. आज सदू त्या न्यायला आला होता. उजाडायच्या आत, माश्या पेटीत असतानाच, तोंडं बंद करून पेट्या टेंपोत चढवायच्या असं ठरलं होतं. पण बारवीच्या रस्त्याला टेंपोचं चाक बसलं आणि तो चामटोलीला पोचेपर्यंत ऊन अंगणात उतरलं. माश्या कामाला निघून गेल्या होत्या.

"आता संध्याकाळपर्यंत थांबायला लागल," सदू म्हणाला. "आत्ता तोंडं बंद केली तर निम्म्या बाहेर राहतील बिचाऱ्या."

"थांब की. जेवून जा. वांग्याची भाजी आहे."

सदूने कपबशी खाली ठेवली. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि ते कसं बोलावं हे सुचत नव्हतं.

"वहिनी, एक सांगू? खाली शेतावर नेऊन ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही इकडं, त्या तिकडं. पण आठवड्यातून एकदा उघडून बघायला माणूस पायजे."

"आहे का कोणी?" बनूबाईने विचारलं. विचारलं सदूला, पण आवाज घरात ऐकू जाईल इतका होता.

"कोणी नाही," आतून उत्तर आलं. "कल्पेशला शिफ्ट असते. आणि मी उल्हासनगरची. आमच्याकडे माशी म्हणजे मिठाईच्या दुकानातली. मला ते टेन्शन नको, आई. तुमचंच टेन्शन बस झालं."

बनूबाई खिडकीपाशी गेली. कल्पेशने त्या खिडकीला हिवाळ्यात बारीक जाळी ठोकून दिली होती. जाळीला नाक जवळजवळ टेकवून ती परसातल्या पेट्यांकडे बघत राहिली.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर ते झालं. पावसाळाभर तिने पेट्या फारशा उघडल्या नव्हत्या. ऊन पडल्यावर पहिल्यांदा झाकण काढलं आणि एक माशी मानेला चावली. आयुष्यभर तिला माश्या चावत आल्या होत्या. नखाने काटा खरवडून टाकायचा आणि पेटीतली पुढची पोळ्याची चौकट उचलायची, एवढंच त्याचं महत्त्व. त्या दिवशीही तिने काटा खरवडला. मग तळहात खाजायला लागले. मग ओठ. चौकट परत पेटीत ठेवेपर्यंत तिला श्वास अपुरा पडायला लागला, आणि पेटीचं झाकण लावून ती तिथेच खाली बसली. स्वप्नालीने तिला रिक्षात घालून बदलापूरला नेलं तेव्हा बनूबाईचा चेहरा इतका सुजला होता की डोळे दिसत नव्हते.

"इतकी वर्षं चावल्या, डॉक्टर," शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं होतं. "आताच काय झालं?"

"शरीर कधी उलटेल ते आधी सांगता येत नाही, मावशी. मध्ये खंड पडला की काहींना असं होतं. पण आता यापुढे एकही डंख नको. पुढच्या वेळी इथपर्यंत यायला वेळ मिळेलच असं नाही."

घरात ते इंजेक्शन आणून ठेवलं ते तेव्हापासून. पेट्या द्यायच्या हेही तेव्हाच ठरलं. बनूबाई हो म्हणाली होती. कोणी विचारलं की हो म्हणायची, आणि विचारणारा गेला की खिडकीत जाऊन उभी राहायची.

सदू आणि टेंपोवाला चाक दुरुस्त करायला नाक्यावर गेले. ऊन चढलं. स्वप्नालीने वांगी चिरायला घेतली, मग तिला जांभळीखालच्या दोरीवरचे कपडे आठवले.

"पटकन घेऊन ये," बनूबाई म्हणाली. "पेट्यांच्या तोंडासमोरून जाऊ नको."

"माहितीये. लांबूनच जाते."

ती कपडे काढत होती तेव्हा आवाज आला. आधी तो खिडकीतल्या बनूबाईच्या कानाला लागला. पेट्यांची रोजची गुणगुण तिला झोपेतही ओळखू आली असती. हा आवाज तो नव्हता. पिठाच्या गिरणीचा पट्टा ओढला जाऊन जातं फिरायला लागावं तसा तो खालून वर चढत गेला. कडेच्या पेटीच्या तोंडातून माश्या बाहेर पडायला लागल्या. पोत्याला भोक पडल्यावर तांदूळ सांडतात तशा त्या सांडत होत्या. फरक इतकाच की त्या खाली पडत नव्हत्या, वर चालल्या होत्या. बघता बघता परस भरून गेलं.

जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन घर सोडत होती. वसंतात हे होतं. बनूबाईने ते पुष्कळदा पाहिलं होतं.

स्वप्नालीने ते कधीच पाहिलं नव्हतं. तिने किंकाळी फोडली आणि हातातला ओला टॉवेल डोक्याभोवती फिरवायला सुरुवात केली.

"हात खाली!" बनूबाई खिडकीतून ओरडली. "सपने, हात खाली कर!"

त्या आवाजात तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. टॉवेल फिरतच होता. एखादी माशी त्यात चिरडली, की तिच्या वासाने बाकीच्या चवताळणार.

बनूबाईने दार उघडलं आणि ती परसात गेली. तिने पदर डोक्यावर घेतला नाही, पायात चप्पल घातली नाही. माश्यांमधून ती घाई न करता चालत गेली. स्वप्नालीपाशी पोचल्यावर तिने तिची दोन्ही मनगटं धरली आणि खाली ओढली. टॉवेल मातीत पडला.

"आई! तुम्ही... आत जा! आत जा आधी!"

"धावू नको. आता धावलो तर दोघी जाऊ. उभी राहा नुसती."

"तुम्हाला चावली तर!"

"घर सोडताना माशी चावत नाही. पोटभर मध पिऊन निघालेली असते ती. तिला राहायला जागा शोधायचीय. आपल्याशी तिचं काय काम?"

"नक्की ना?"

"आजवर तरी नाही चावली."

स्वप्नालीने घराच्या दाराकडे बघितलं. "इंजेक्शन आत आहे."

"मला माहीत आहे."

दोघी उभ्या राहिल्या. बनूबाईने सुनेची मनगटं सोडली नाहीत, आणि थोड्या वेळाने कोणी कोणाला धरलं आहे हे सांगता आलं नसतं. स्वप्नाली सासूच्या ओठांकडे बघत होती. ओठ सुजतात का, मान लाल होते का, श्वास कसा चालतो, हेच ती बघत होती. आजूबाजूला काय चाललं आहे त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

बनूबाईने मान वर केली.

इतकी वर्षं तिने माश्यांकडे वाकूनच बघितलं होतं. तोंडावर जाळी, हातात चौकट, डोळ्यांत धूर. राणी आहे का, अंडी आहेत का, मध किती भरला. घर सोडणाऱ्या माश्यासुद्धा तिने रिकामी पेटी हातात घेऊनच पाहिल्या होत्या. रिकाम्या हातांनी, त्यांच्या मधोमध, ती कधी उभी राहिली नव्हती. आता ऊन थेट खाली येत नव्हतं. ते हजारो पंखांवरून फुटून येत होतं आणि सगळं परस तांब्याच्या पाण्यासारखं हलत होतं. पलीकडचा चंदेरीचा डोंगर कधी दिसायचा, कधी पुसला जायचा. पंखांचा वारा तिच्या कपाळाला लागत होता. मेणाचा आणि कोवळ्या लिंबासारखा वास सगळीकडे भरला होता. माश्या गालाला घासून जात, केसांवर क्षणभर टेकत आणि पुन्हा उठत. तिला भीती वाटत होती. यातली कोणतीही एक आपल्याला पुरेशी आहे, तिने मनात म्हटलं, आणि यातल्या एकीलाही आपण इथे आहोत याची खबर नाही. हे कळल्यावर तिचा श्वास आपोआप संथ झाला.

"आई," स्वप्नाली हळूच म्हणाली. "झाडावर बघा."

तिचीही नजर आता वर गेली होती. जांभळीच्या एका फांदीवर काळपट गाठ दिसत होती. माश्या येऊन तिच्यावर बसत होत्या, त्यांच्या पायांना दुसऱ्या माश्या लोंबकळत होत्या, त्यांच्या पायांना आणखी. गाठ वाढत, लांबत खाली उतरत होती. साळुंकीएवढी होती ती घागरीएवढी झाली. फांदी वाकली. हवा विरळ होत गेली, आवाज उतरत गेला, आणि शेवटी सगळं मोहोळ एका श्वासाने हलावं तसं फांदीवर हलत राहिलं.

"राणी त्यात आहे?" स्वप्नालीने कुजबुजत विचारलं.

"मधोमध. दिसणार नाही."

"मग यांना कसं कळतं ती तिथे आहे ते?"

बनूबाई उत्तर देणार होती. पण स्वप्नालीचा चेहरा एकदम बदलला. ती बनूबाईच्या हाताकडे बघत होती. मागे राहिलेली एक माशी मनगटाच्या आतल्या बाजूला, शीर उडते तिथे, चालत होती.

बनूबाईनेही ती पाहिली. तिने हात हलवला नाही.

स्वप्नालीने आपली तर्जनी पुढे केली. तिने ते बोट माशीच्या वाटेत आडवं ठेवलं, सासूच्या कातडीला टेकवून. माशी थांबली. तिने मिशांनी बोट चाचपलं, मागे वळली, पुन्हा आली. मग पुढचे पाय बोटावर ठेवले आणि सावकाश चढली.

स्वप्नालीने हात उचलला आणि ती निघाली. भरलेला पेला न्यावा तसं बोट पुढे धरून ती बनूबाईपासून लांब, परसाच्या टोकाला, कुंपणापर्यंत गेली.

फाटकातून सदू आत आला होता. तो जागच्या जागीच थबकला.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही भायेर कशाला आलात?" मग त्याचं लक्ष जांभळीकडे गेलं. "अरे बापरे. केवढं! गाडीत रिकामी पेटी हाय. हे बी पकडतो, म्हणजे सांच्याला सगळ्या एकदमच भरू. काय?"

"मला नको विचारू," बनूबाई म्हणाली. "तिला विचार."

सदूने कुंपणाकडे बघितलं. स्वप्नाली पाठमोरी उभी होती. हात झटकायला आता तिला कोणाची हरकत नव्हती. तिने तो झटकला नव्हता. बोट डोळ्यांच्या समोर धरून ती वाकून बघत होती, आणि माशी तिच्या नखावर बसून मिशा पुसत होती.

"सूनबाई," सदू म्हणाला.

तिला ऐकू गेलं नसावं.

"आई," तिने मागे न बघता विचारलं, "ही आता कुठे जाईल? त्यांच्याबरोबर फांदीवर, की परत जुन्या पेटीत?"

बनूबाई ओट्याच्या पायरीवर पोचली होती. ती तिथेच थांबली.

"बघ," ती म्हणाली, "आणि मला सांग."