सृष्टीचा उजवा कान

शिवम्मा भाकरी थापायला बसली की सात वर्षांची सृष्टी डावा कान आईकडे करून शेजारी येऊन बसायची. उजव्या कानाच्या पडद्याआड गाठ होती. लातूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कर्करोग नाही, आनुवंशिक नाही. अशी गाठ क्वचितच दिसते. पण वाढतेय. लवकर काढली तर ऐकणं वाचेल."

सासूबाई सिद्धम्मा ऐकायला तयार नव्हत्या. "आधी थोरल्या स्वप्नालीचं लग्न जमू दे. कानामागं टाके दिसले तर सोयरे म्हणतील, ह्यांच्यात बहिरेपणा हाय."

मुरुडच्या बाजारात चार माणसांना दटावणारा शिवम्माचा नवरा मन्मथ आईपुढे ब्र काढत नव्हता. दिवाळी गेली, संक्रांत गेली. थोरलीच्या लग्नापायी धाकटीचा कान सडू द्यायचा, आणि याला आपण अब्रू म्हणतो!

आज सृष्टीची लिंगदीक्षा होती. घरचं वळण दिसावं म्हणून स्वप्नालीच्या स्थळाचे उदगीरचे पाहुणे मुद्दाम बोलावले होते. स्वामींनी तिच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं, उजव्या कानाशी वाकून हलक्या आवाजात मंत्र सांगितला.

"म्हण, बाळ."

सृष्टी गप्प. स्वामींनी पुन्हा सांगितला.

"लई लाजाळू हाय," सिद्धम्मा हसल्या.

सृष्टीनं आईकडे पाहिलं. आपलं काय चुकलं, हे तिला कळत नव्हतं. शिवम्मा उठलीच.

"महाराज, त्या कानानं तिला ऐकू येत न्हाई. आत गाठ हाय. आम्ही लपवून ठिवली."

"शिवम्मा!" सासूबाई ओरडल्या.

स्वामींनी दुसऱ्या बाजूला बसून डाव्या कानात मंत्र सांगितला. आता सृष्टीनं मंत्र खणखणीत म्हटला. पाहुणे मात्र "कळवतो" म्हणून उठले. त्याचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असतो.

स्वप्नालीनं केसांतला गजरा काढला. "बरं झालं आई. मला आधीच बोलायचं होतं, धीर झाला न्हाई."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लातूर गाठलं. ऑपरेशन झालं, गाठ निघाली. पण तिनं आतली नाजूक हाडं झिजवून टाकली होती. "या कानाचं ऐकणं गेलं. फार उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. मन्मथनं मान खाली घातली.

पट्टी सुटल्यावर एका दुपारी सिद्धम्मा नातीजवळ आल्या. उजव्या कानाशी वाकून रडत कुजबुजल्या, "चुकलं माझं, माय."

सृष्टी बाहुलीला कपडे घालत राहिली.

शिवम्मा दारातून पाहत होती. "आत्याबाई, दुसऱ्या कानात सांगा," ती म्हणाली. "तिला ऐकू तरी जाऊ द्या."