दादाचं जुनं लिव्हर

माझ्या वडिलांना, आबांना मी डॉक्टरांच्या केबिनबाहेरच बसवलं. मेंढरांमागे जन्म गेलेल्या माणसाला टिश्यू मार्कर म्हणजे काय कळणार, असं मला वाटलं. बीएस्सी झाल्याची घमेंड, दुसरं काय!

माझ्या थोरल्या भावाच्या, अजिनाथदादाच्या लिव्हरला कॅन्सर झाला होता. दीड महिन्यापूर्वी पुण्यात मी त्याला माझ्या लिव्हरचा तुकडा दिला. त्याचं काढलेलं लिव्हर तपासणीला गेलं होतं, त्याचा रिपोर्ट आज सोलापुरात आला. कॅन्सर परतेल का, हे त्या पेशींतल्या काही खुणांवरून आधीच ताडता येतं म्हणे.

"खुणा चांगल्या नाहीत," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षांच्या आत परतण्याची शक्यता बरीच आहे. आपण लक्ष ठेवू."

लक्ष ठेवू! मला त्यांचा इतका राग आला की नमस्कारही न करता मी उठले.

बाहेर येऊन आबांना म्हटलं, "सगळं चांगलं हाय."

नवी पेठेत चहा घ्यायला बसलो. बशीत ओतलेला चहा आबांनी तसाच ठेवला.

"प्रियंका, खोटं कशापायी बोलतीस? आपरेशनच्या दिशी डॉक्टरनं बाहीर येऊन काढल्यालं लिव्हर ट्रेमधी दाखवलं की मला. मेंढरू मेलं की आमी पोट फाडून काळीज, म्हंजी लिव्हरच बगतो. रोग किती पसरलाय, ते तितंच कळतंय. गाठ शिरंत घुसल्याली दिसली मला."

"मग बोलला का न्हाई?"

"तुजं टाकं वलं हुतं. आपलं दिल्यालं वाया गेलं म्हणून तुजा जीव तुटला असता."

मी भर बाजारात रडायला लागले. लोक बघत होते, बघू देत. मग डोळे पुसून म्हणाले, "आबा, दादाला यातलं काई सांगायचं न्हाई. तुझ्या लिव्हरवर नातवंडं खेळवणार, म्हणतोय त्यो रोज मला."

आबांनी बशी बाजूला सारली.

"शुद्धीवर आल्या आल्या त्यानंच इचारलं, आबा, काय दिसलं? पोराशी खोटं न्हाय बोलता आलं मला. सांगितलं. तवा म्हणला, पियूला कळू दिऊ नगा. मी हसवीत ऱ्हातो तिला."