न पाहता दिलेला अंदाज

पांढरकवड्याजवळच्या तांड्यातली बबिता पुण्याला हवामानशास्त्र शिकत होती. तांड्याला तिचं भारी कौतुक. तूर वाळत घालायची असो की लग्नाचा मांडव टाकायचा, आधी बबिताला फोन जायचा.

एप्रिलमधल्या एका सकाळी मथुराकाकीचा फोन आला. "बकऱ्या टेकडीवर नेऊन राह्यली. पाण्याचं काई हाय का आज?"

दुसऱ्या दिवशी बबिताची तोंडी परीक्षा होती. तिनं पुस्तकातून मानही वर केली नाही. "काई नाही काकी, खुशाल जा."

दुपारी टेकडीवर वीज पडली. तीन बकऱ्या जागीच गेल्या. काकी वाचली, पण डाव्या कानानं तिला ऐकू येईना.

बातमी कळल्यावर बबितानं त्या दिवसाचा अंदाज उघडला. विजांचा इशारा पहाटेच निघाला होता. पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

परीक्षेत तिला नेमका गडगडाटी ढगांवर प्रश्न आला. तिनं घडाघडा उत्तर दिलं. सर "शाबास" म्हणाले, तेव्हा तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

ती तांड्यात आली तर सगळे तिचीच समजूत घालू लागले. काकीचे धाकटे दीर देवसिंगकाका म्हणाले, "आभाळाचं कोणाले समजते? तू कायले जिवाले लावून घेते?" बबिता मान हलवत राहिली.

तिसऱ्या दिवशी काकी अंगणात एकटी तांदूळ निवडत होती. बबिता तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"काकी, माहा अंदाज चुकला नव्हता. मी पाह्यलंच नव्हतं. तशीच बोलली."

काकीचा हात थांबला. ती म्हणाली, "मंग तसं सांगाचं होतं ना! मी घरीच राह्यली असती. तुह्या भरवशावर गेलती मी."

बबिताला रडू फुटलं. काकीनं तिला जवळ घेतलं नाही. सूप उचलून ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बबितानं काकीला कानाच्या डॉक्टरकडं यवतमाळला नेलं. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण काकी खिडकीबाहेरच पाहत होती. ऐकू परत येणं कठीण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना काकी एवढंच म्हणाली, "तू पाह्यलं नव्हतं, हे देवसिंगले मी सांगणार नाही. तूच सांग."

बबितानं त्याच संध्याकाळी सांगितलं.